अध्यापक भांडारकर

डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे नाव निघाले की पुण्याची प्राच्यविद्या संशोधन संस्था, दख्खनच्या प्राचीन इतिहासावरील त्यांचा ग्रंथ, प्रार्थनासमाज आणि विधवा कन्येचा १८९१ मध्ये लोकनिंदा पत्करून त्यांनी केलेला पुनर्विवाह या गोष्टी आठवतात. मात्र त्यांच्या चरित्राचा कणा अध्यापनाचा होता, इकडे सहसा लक्ष जात नाही. १८६४ पासून १८९३ पर्यंतची जवळजवळ तीस वर्षे त्यांनी विद्यार्थ्यांसमोर घालवली. त्यांच्या विद्वत्तेची कदर करणारे युरोपात पुष्कळ निघाले. शिकवण्याची पारख करण्याचे काम मात्र ज्यांच्याकडे होते, त्यांना ते बराच काळ साधले नाही.

भांडारकरांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी, गोव्याच्या सीमेपासून फार दूर नसलेल्या मालवण येथे, एका सारस्वत कुटुंबात झाला. वडील मुलकी खात्यात कारकून असल्याने बदलीबरोबर घर हलत असे. रत्नागिरीच्या इंग्रजी शाळेतून ते मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात गेले. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाची बी. ए. ची पहिली परीक्षा १८६२ मध्ये झाली. तीत उत्तीर्ण झालेल्या चौघांत न्यायमूर्ती रानडे यांच्याबरोबर भांडारकर होते. पुढच्याच वर्षी ते एम. ए. झाले. त्यांचा आरंभीचा ओढा गणिताकडे होता. संस्कृतचा व्यासंग मागाहून आला आणि त्यासाठी पुण्याच्या शास्त्रीमंडळींजवळ बसून त्यांनी जुन्या पद्धतीचे अध्ययन केले. गणिती शिस्तीत वाढलेल्या बुद्धीने वयात आल्यावर व्याकरण हाती घेतले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. शिकणाऱ्याला नेमके कोठे अडते, हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक होते.

१८६४ मध्ये सिंधमधील हैदराबाद येथे आणि नंतर रत्नागिरीस ते मुख्याध्यापक झाले. त्या काळी संस्कृत शिकायचे म्हणजे रूपावली, समासचक्र आणि अमरकोश मुखोद्गत करायचे. अर्थ कळण्याचा प्रसंग दोन-चार वर्षांनी आला तर आला. पाठशाळेत बारा वर्षे काढणाऱ्यास ही रीत ठीक होती. आठवड्याचे मोजके तास मिळणाऱ्या इंग्रजी शाळेतील मुलाला ती निरुपयोगी होती. भांडारकरांनी याच दशकात ‘मार्गोपदेशिका’ आणि तिच्यापुढचे ‘संस्कृतमन्दिरान्तःप्रवेशिका’ ही दोन पुस्तके इंग्रजीतून सिद्ध केली. पहिल्याच पाठात वर्तमानकाळाची थोडी रूपे, चार धातू, लगेच वाक्ये. मग संस्कृतातून इंग्रजीत आणि इंग्रजीतून संस्कृतात भाषांतर. पुढच्या पाठात आणखी एक पायरी. पाणिनीची चौकट त्यांनी मोडली नाही, पण ती मुलाच्या डोक्यावर एकदम ठेवलीही नाही. मुंबई इलाख्यात तेव्हा बेळगाव-धारवाड होते आणि पुढे बडोद्याचे महाविद्यालयही मुंबई विद्यापीठाला जोडले गेले. त्यामुळे मॅट्रिकच्या वाटेवरील कित्येक पिढ्यांना संस्कृतची पहिली ओळख याच दोन पुस्तकांनी करून दिली. त्यांच्या वर्गात प्रत्यक्ष बसलेले विद्यार्थी आता कोणी नाहीत. तो वर्ग कसा चाले याचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे ही पुस्तके होत.

डॉ. ब्यूलर यांच्यामागून १८६९ च्या सुमारास एल्फिन्स्टनमध्ये संस्कृतच्या प्राध्यापकाची जागा भांडारकरांकडे आली, परंतु ती हंगामी म्हणून. तीनचार वर्षे त्यांनी ती चालवली. १८७३ मध्ये ती कायम भरण्याची वेळ आली तेव्हा विलायतेहून पीटर पीटरसन यांना आणण्यात आले आणि भांडारकर त्यांच्या हाताखाली सहायक झाले. पीटरसन हे पुढे हस्तलिखितांच्या शोधाने आणि ‘कादंबरी’च्या संपादनाने नावारूपास आले, हे मान्य केलेच पाहिजे, पण नेमणुकीच्या वेळी संस्कृतात त्यांचे म्हणण्यासारखे काम नव्हते. दुसऱ्या बाजूला इलाख्यातील शाळांच्या हाती पुस्तके देणारा आणि महाविद्यालयीन वर्ग वर्षानुवर्षे सांभाळणारा माणूस होता. तुलना वर्गातील कामाची झाली असती तर निकाल वेगळा लागणे भाग होते. ती झालीच नाही. मुळात विद्यापीठ त्या काळी केवळ परीक्षा घेई. शिकवण्याशी त्याचा संबंध नव्हता. शिक्षकाचे मोल ठरे ते उत्तीर्णांच्या यादीवरून आणि खात्यातील दर्जावरून, आणि तो दर्जा बहुतेक वेळा कातडीचा रंग पाहून मिळे.

भांडारकरांनी राजीनामा दिला नाही, जाहीर तक्रारही मांडून बसले नाहीत. याच दुय्यम जागेवरून त्यांनी ‘मालतीमाधव’चे संपादन केले, १८७४ च्या लंडनमधील प्राच्यविद्या परिषदेला नाशिकच्या शिलालेखांवरील निबंध पाठवला आणि १८७७ मध्ये संस्कृत व प्राकृत भाषांवरील विल्सन व्याख्याने दिली. पुढे पतंजलीच्या काळावरून पीटरसन यांच्याशीच त्यांचा वाद झाला. त्यातील भांडारकरांचे १८८५ चे उत्तर अभ्यासकांना परिचित आहे. १८७९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात डॉ. कीलहॉर्न यांच्या जागी ते पुन्हा हंगामीच गेले. कीलहॉर्न जर्मनीस परतल्यावर १८८२ मध्ये ती जागा कायम झाली, तेव्हा भांडारकर पंचेचाळिशीत होते. १८८५ मध्ये गटिंगेन विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली, १८८६ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेला ते स्वतः गेले. हे सन्मान संशोधनाचे होते. ते देणाऱ्यांपैकी त्यांचा वर्ग कितीजणांनी पाहिला असेल?

तरीही संशोधन आणि अध्यापन ही दोन कामे त्यांच्या ठायी वेगळी नव्हती. पुरावा तपासताना वकिलासारखे एका पक्षाकडून न बोलता न्यायाधीशासारखे बसावे, हा त्यांचा आग्रह जसा लेखनात तसाच तरुणांना केलेल्या उपदेशात दिसतो. जुने ते सर्व श्रेष्ठ म्हणणाऱ्या स्वकीयांना आणि जुने ते सर्व परक्यांकडून आलेले म्हणणाऱ्या युरोपीयांना त्यांनी सारख्याच कठोरपणे हटकले. हा कठोरपणा काहींना रुक्ष वाटे.

१८९३ मध्ये ते निवृत्त झाले आणि ज्या विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत ते होते त्याचेच कुलगुरू झाले, न्या. तेलंगांनंतर हा मान मिळवणारे ते दुसरे भारतीय. इकडे १८९६ मध्ये शिक्षणखात्याचे दोन वर्ग पाडून वरचा वर्ग बहुतांशी विलायतेच्या नेमणुकांसाठी राखला गेला. भांडारकरांच्या वाट्याला जे प्रसंगाने आले होते, ते आता नियमाने पक्के झाले.

१९०४ च्या विश्वविद्यालय विधेयकाच्या वेळी कायदेकौन्सिलात त्यांनी सरकारची बाजू उचलून धरली आणि गोखल्यांसारख्यांचा विरोध ओढवून घेतला. सरकारी नियंत्रण वाढेल ही गोखल्यांची भीती खरीच होती. पण त्याच कायद्याने विद्यापीठांना स्वतः शिकवण्याचा अधिकार दिला, हेही विसरता येत नाही. आयुष्यभर परीक्षांच्या कारखान्यात शिकवलेल्या माणसाला ते कलम मोलाचे वाटले असल्यास नवल नाही. तरी लोकांनी त्यांचा हा पाठिंबा सहजी विसरला नाही.

६ जुलै १९१७ रोजी, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, पुण्यात त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली आणि देशोदेशींच्या पंडितांच्या लेखांचा गौरवग्रंथ त्यांना अर्पण झाला. आपला ग्रंथसंग्रह त्यांनी संस्थेच्या स्वाधीन केला. २४ ऑगस्ट १९२५ रोजी त्यांचे निधन झाले. ‘मार्गोपदेशिके’च्या आवृत्त्या त्यानंतरही निघत राहिल्या.