पंचगणीच्या होस्टेलमधला बुलसारांचा लाजाळू पोरगा फ्रेडी मर्क्युरी कसा झाला?

जुलै २०१७. लंडनचं हाइड पार्क. ग्रीन डे या अमेरिकन बँडचा कॉन्सर्ट सुरू व्हायला अजून वेळ होता. स्टेज रिकामं आणि समोर तब्बल ६५ हजारांची गर्दी. तेवढ्यात स्पीकरवर टाइमपास म्हणून एक जुनं गाणं लागलं आणि अख्खं मैदान गायला लागलं. शब्द तर सगळ्यांना पाठ होतेच, मधला गिटारचा तुकडासुद्धा पब्लिकने तोंडाने वाजवला. तो व्हिडीओ जगभर व्हायरल झाला. तुमच्याही फीडमध्ये कधीतरी येऊन गेला असेल.

गाणं होतं बोहेमियन रॅप्सडी. ते लिहिणारा आणि गाणारा माणूस जाऊन तोवर २५ वर्षं उलटली होती. त्या गर्दीतल्या कित्येकांचा जन्मही त्याच्या मृत्यूनंतरचा.

तो माणूस म्हणजे क्वीन बँडचा फ्रेडी मर्क्युरी. आणि त्याने आयुष्यातला पहिला बँड काढला तो लंडनमध्ये नाही, आपल्या सातारा जिल्ह्यातल्या पंचगणीत.

तर विषय सुरुवातीपासून समजून घेऊ.

झांझिबारहून थेट पंचगणी

फ्रेडीचं खरं नाव फारुख बुलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६ चा, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या झांझिबार बेटावर. घराणं गुजरातमधल्या पारशांचं. आजच्या वलसाडला तेव्हा बुलसार म्हणायचे, त्यावरून आडनाव बुलसारा. वडील बोमी ब्रिटिश सरकारच्या नोकरीत कॅशियर होते, आईचं नाव जेर. पुढे कश्मिरा नावाची धाकटी बहीण आली.

बेटावर घरचं सगळं बरं होतं. पण मुलाला चांगलं शिक्षण मिळावं म्हणून आईवडिलांनी फारुखला आठ वर्षांचा असताना बोटीने भारतात पाठवलं. शाळा होती पंचगणीची सेंट पीटर्स. आता विचार करा, तिसरी-चौथीतलं पोरगं, आईवडील समुद्रापलीकडे आणि हे पसरणी घाटाच्या वर होस्टेलमध्ये. आईबाबांची भेट क्वचितच व्हायची. सुट्ट्यांमध्ये मुंबईतल्या नातेवाइकांचं घर हाच आधार.

त्यात अजून एक अडचण होती. फारुखच्या जबड्यात चार दात जास्तीचे होते, त्यामुळे पुढचे दात बाहेर आले होते. पोरं त्याला बकी म्हणून चिडवायची. तोंडावर हात धरून हसायची सवय त्याला लागली ती कायमची. पुढे करोडोंची कमाई झाली तरी त्याने दात काढून घेतले नाहीत. तोंडाची ठेवण बदलली तर आवाजही बदलेल, ही त्याची भीती होती.

शाळेत तो बॉक्सिंग खेळला, टेबल टेनिस खेळला, नाटकात उभा राहिला. पण त्याच्यातली खरी गोष्ट ओळखली ती शाळेने. या मुलाला संगीताचा कान आहे, थोडी जादा फी भरून पियानोची शिकवणी लावा, असं पत्र शाळेकडून घरी गेलं. आईवडिलांनी होकार दिला. त्या एका पत्राचं मोल पुढे जगाला कळलं.

द हेक्टिक्स, म्हणजे पहिला बँड

१९५८ मध्ये फारुख आणि त्याच्या चार दोस्तांनी मिळून शाळेतच बँड काढला. नाव ठेवलं द हेक्टिक्स. एल्विस प्रेस्ली, क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी ही पोरं शाळेच्या कार्यक्रमांत वाजवायची. त्या काळात पंचगणीत रॉक अँड रोल पोचायचं ते रेडिओवरून आणि रेकॉर्डवरून. फारुख एकदा ऐकलेलं गाणं नंतर पियानोवर जसंच्या तसं वाजवून दाखवायचा.

इथली एक ट्रिव्हिया लक्षात ठेवा, कुठल्याही क्विझमध्ये कामाला येईल. हेक्टिक्सचा मुख्य गायक फारुख नव्हता. तो होता पियानोवर. ज्याचा आवाज पुढे रॉकमधला सर्वात मोठा आवाज मानला गेला, तो शाळेच्या बँडमध्ये मागे बसून साथ करत होता.

याच बँडमधला एक पोरगा, व्हिक्टरी राणा, पुढे नेपाळच्या लष्करात जनरल झाला. दुसरा, डेरिक ब्रँच, ब्रिटनमध्ये अभिनेता झाला. आणि फारुखला दोस्तांनी फ्रेडी म्हणायला सुरुवात केली ती याच शाळेत.

एका रात्रीत घर गेलं

१९६३ मध्ये फ्रेडी झांझिबारला घरी परतला. वाटलं असेल, आता आईबाबांसोबत राहू. पण जानेवारी १९६४ मध्ये तिथं क्रांती झाली. सुलतानाची सत्ता उलथली गेली आणि दंगलीत हजारो अरब आणि भारतीय वंशाचे लोक मारले गेले. बुलसारा कुटुंब हाताला लागेल तेवढं सामान घेऊन इंग्लंडला पळालं.

लंडनच्या हीथ्रो विमानतळाजवळच्या फेल्टममध्ये एका छोट्या घरात त्यांनी संसार पुन्हा मांडला. फ्रेडी तेव्हा १७ वर्षांचा. त्याने विमानतळावर सामान हलवायचं काम केलं आणि ईलिंगच्या आर्ट कॉलेजात ग्राफिक डिझाइन शिकला. पॉकेटमनीसाठी केन्सिंग्टन मार्केटमध्ये जुने कपडे विकायचा स्टॉल लावला. स्टॉलवरचा पार्टनर होता रॉजर टेलर. डेंटिस्टचं शिक्षण घेता घेता ड्रम वाजवणारा गडी.

रॉजर आणि ब्रायन मे यांचा स्माइल नावाचा बँड होता. ब्रायन फिजिक्सचा विद्यार्थी, गिटार वाजवायचा आणि ती गिटारही त्याने वडिलांच्या मदतीने घरीच बनवलेली. फ्रेडी त्यांच्या कार्यक्रमांना जायचा आणि स्टेजवर कसं उभं राहायला हवं याचे फुकटचे सल्ले द्यायचा. १९७० मध्ये स्माइलच्या गायकाने बँड सोडला आणि सल्ले देणाऱ्यालाच माइक मिळाला.

बँडचं नाव क्वीन ठेवायचं हा हट्ट फ्रेडीचा. स्वतःचं आडनाव मर्क्युरी करायचं हेही त्यानेच ठरवलं. १९७१ मध्ये जॉन डीकन हा इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी बास गिटार घेऊन आला आणि चौकडी पूर्ण झाली. आर्ट कॉलेजचं शिक्षण वाया गेलं नाही. क्वीनचा लोगो फ्रेडीनेच काढला. नीट बघा, त्यात चौघांच्या राशी आहेत. रॉजर आणि जॉनचे दोन सिंह, ब्रायनचा खेकडा आणि कन्या राशीच्या फ्रेडीसाठी दोन पऱ्या.

सहा मिनिटांचं गाणं कोण ऐकणार?

१९७५ मध्ये फ्रेडीने बोहेमियन रॅप्सडी आणलं. सुरुवातीला संथ गाणं, मध्ये ऑपेरा, मग दणदणीत रॉक आणि कोरस तर नाहीच. लांबी जवळपास सहा मिनिटं. रेडिओवर तीन मिनिटांची गाणी चालायची तो हा काळ. कंपनीचं म्हणणं होतं की एवढं लांब गाणं कोणी लावणार नाही.

फ्रेडीने गाण्याची एक प्रत केनी एव्हरेट या डीजे मित्राला दिली. त्याने एका वीकेंडला ते १४ वेळा वाजवलं. सोमवारी लोक दुकानात जाऊन रेकॉर्ड मागायला लागले, जी अजून बाजारात आलीच नव्हती. पुढे ते ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे नंबर एकवर राहिलं.

पण क्वीनच्या फॅन्सना विचाराल तर ते रेकॉर्डपेक्षा कॉन्सर्टबद्दलच जास्त बोलतात. त्याला कारण आहे.

पब्लिकच बँडमध्ये आलं

मे १९७७. इंग्लंडमध्ये स्टॅफर्डजवळच्या बिंगली हॉलमध्ये क्वीनचा शो संपला. बँड आत गेला तरी पब्लिक हलेना. सगळ्यांनी मिळून फुटबॉलच्या मैदानावर म्हणतात ते गाणं बँडसाठी गायला सुरुवात केली. ब्रायन आणि फ्रेडी चक्रावले. लोक गाणारच असतील तर त्यांच्यासाठी गाण्यात जागा ठेवू, असं त्यांनी ठरवलं.

त्यातून दोन गाणी आली. ब्रायनचं वी विल रॉक यू, ज्यात दोनदा पाय आपटायचे आणि एकदा टाळी वाजवायची. आणि फ्रेडीचं वी आर द चॅम्पियन्स. आज कुठल्याही खेळाची फायनल असो, ही दोन गाणी वाजतातच.

१९८१ मध्ये क्वीन दक्षिण अमेरिकेत गेलं. ब्राझीलच्या साओ पाउलोमध्ये एकाच शोला सव्वा लाखाहून जास्त लोक आले. ज्यांची भाषा इंग्रजी नाही ते लोक लव्ह ऑफ माय लाइफ हे अख्खं गाणं इंग्रजीतून गात होते आणि फ्रेडी गायचं थांबून नुसता ऐकत होता.

१९८६ मध्ये बुडापेस्टला उलटं घडलं. तिथं फ्रेडीने हंगेरीचं एक लोकगीत गायलं. शब्द पाठ होत नव्हते म्हणून तळहातावर लिहून आणले आणि प्रामाणिकपणे हात बघून गायला. स्टेडियम वेडं झालं.

ती २१ मिनिटं

सगळं काही गोड नव्हतं. १९८४ मध्ये वर्णद्वेषी राजवट असलेल्या दक्षिण आफ्रिकेत सन सिटीला क्वीनने शो केले. कलाकारांचा बहिष्कार असताना गेल्यामुळे जोरदार टीका झाली आणि ब्रिटनच्या संगीतकार संघटनेने दंडही ठोठावला. बँडचे दिवस संपले अशी चर्चा सुरू झाली.

मग आला १३ जुलै १९८५. इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी लाइव्ह एड. वेम्बली स्टेडियममध्ये ७२ हजार लोक आणि जगभरात टीव्हीसमोर कोट्यवधी. प्रत्येक बँडला साधारण वीस मिनिटं. क्वीनने थिएटर घेऊन मिनिटामिनिटाचा हिशोब लावत तालीम केली होती.

दिवसाढवळ्या, लाइटचा कसलाही थाट नसताना, पांढरा बनियन घातलेला फ्रेडी धावत आला आणि पियानोवर बसला. रेडिओ गा गा ला ७२ हजार जोड हात एका वेळी डोक्यावर वाजले. मग त्याने नुसत्या सुरांनी हाक दिली आणि स्टेडियमने तशीच परत दिली. आजही रॉकमधला सर्वोत्तम लाइव्ह परफॉर्मन्स म्हणून याच २१ मिनिटांचं नाव घेतलं जातं.

२०१८ च्या बोहेमियन रॅप्सडी सिनेमात फ्रेडीला आजाराचं लाइव्ह एडच्या आधी कळतं असं दाखवलंय. ते खरं नाही. त्याचं निदान झालं १९८७ मध्ये.

सगळ्यांसमोर उभा राहणारा माणूस लपला

९ ऑगस्ट १९८६ ला नेबवर्थमध्ये लाखाहून जास्त लोकांसमोर फ्रेडी गायला. तो शेवटचा कॉन्सर्ट ठरला. पुढच्या वर्षी एचआयव्हीचं निदान झालं.

तेव्हा एड्सवर नीट औषध नव्हतं आणि समाजात भीती प्रचंड होती. पेपरवाले समलैंगिक लोकांबद्दल वाटेल ते छापत होते. फ्रेडीने ही गोष्ट अगदी जवळच्यांनाच सांगितली. त्यात होती मेरी ऑस्टिन, एकेकाळची त्याची प्रेयसी आणि शेवटपर्यंतची मैत्रीण. आणि जिम हटन, अखेरच्या वर्षांतला त्याचा जोडीदार. घराबाहेर फोटोग्राफर ठाण मांडून बसायचे. फेब्रुवारी १९९० मध्ये ब्रिट अवॉर्ड्सच्या स्टेजवर खप्पड गालांचा फ्रेडी दिसला आणि फॅन्सच्या पोटात गोळा आला.

पण काम थांबलं नाही. स्वित्झर्लंडच्या माँत्रोमध्ये, अंगात ताकद असेल त्या दिवशी तो स्टुडिओत जाऊन गायचा. शो मस्ट गो ऑन ऐकताना हा आवाज नीट उभंही राहता न येणाऱ्या माणसाचा आहे, हे लक्षात ठेवून ऐका.

२३ नोव्हेंबर १९९१ ला त्याने निवेदन काढून आपल्याला एड्स असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्याच दिवशी तो गेला. वय ४५. आधी सांगितलं असतं तर इतर रुग्णांना बळ मिळालं असतं, अशी टीका तेव्हा झाली. ती पूर्ण चूक नव्हती. पण त्या काळात सांगण्याची किंमत काय होती, हेही विसरून चालत नाही.

अंत्यसंस्कार पारशी धर्मगुरूंच्या प्रार्थनांनी झाले. अस्थी कुठे आहेत हे मेरीने आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही.

म्हणून फॅन्सनीच जागा शोधली

समाधी नाही म्हटल्यावर फॅन्सनी त्याच्या लंडनच्या घराची भिंत निवडली. अनेक वर्षं ती निरोपांनी भरलेली असायची. त्याच डिसेंबरमध्ये बोहेमियन रॅप्सडी पुन्हा नंबर एक झालं आणि त्यातून आलेले दहा लाख पौंडांहून जास्त पैसे एड्ससाठी काम करणाऱ्या संस्थेला गेले. एप्रिल १९९२ मध्ये वेम्बलीत श्रद्धांजलीचा कॉन्सर्ट झाला. कोण गाणार हे जाहीर व्हायच्या आधीच, काही तासांत सगळी तिकिटं संपली होती.

फ्रेडी आपल्या भारतातल्या दिवसांबद्दल जाहीरपणे फारसं बोलला नाही. मोठा झाल्यावर इथं गायलाही आला नाही. त्यामुळे तो आमचाच म्हणून कॉलर ताठ करण्यात फार अर्थ नाही. झांझिबार सुटलं, पंचगणी सुटली, आडनावही सुटलं. शेवटी त्याचं घर झालं ते समोरची गर्दी.

पण पुढच्या वेळी स्ट्रॉबेरी खायला पंचगणीला गेलात, तर सेंट पीटर्सच्या बाजूने जाताना एवढं आठवा. आईबाबांपासून लांब आलेल्या एका पोराला इथं कुणीतरी पियानो शिकवला होता.