डॉ. ल्यूसी विल्स यांचें अल्प चरित्र

रणांगणावर पराक्रम गाजविणाऱ्या वीरांचीं चरित्रें आमच्या विद्यार्थ्यांच्या वाचनांत वारंवार येतात. परंतु गरिबाच्या पानांत काय वाढलें जातें हें पाहून ज्यांनीं असंख्य मातांचे प्राण वांचविले, त्यांचीं नांवें फारशीं ऐकूं येत नाहींत. अशा व्यक्तींपैकीं डॉ. ल्यूसी विल्स या एक होत. त्यांच्या महत्कार्यास आपल्या मुंबईंतच आरंभ झाला, म्हणून त्यांचा परिचय येथें करून देणें आम्हांस उचित वाटतें.

विल्सबाईंचा जन्म १० मे १८८८ रोजीं इंग्लंडांतील सटन कोल्डफील्ड या गांवीं झाला. केंब्रिज येथील न्यूनहॅम कॉलेजांत त्यांनीं वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र यांचें अध्ययन १९११ सालीं पुरें केलें. त्या काळीं तें विद्यापीठ स्त्रियांस परीक्षेस बसूं देई, पण पदवी देत नसे. पुढें लंडन येथील स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयांत शिकून १९२० सालीं त्या डॉक्टर झाल्या. दवाखाना थाटून द्रव्य मिळविण्याऐवजीं त्यांनीं संशोधन व अध्यापन हाच मार्ग पत्करला.

१९२८ सालीं बाळंतरोगांच्या चौकशीच्या कामावर त्या मुंबईस आल्या व परळ येथील हाफकिन संस्थेंत काम करूं लागल्या. जळगांव, धुळें, अमळनेर येथील गिरण्यांच्या आठवणी ज्या वडीलधाऱ्यांस आहेत, त्यांस परळच्या त्या कामगारवस्तीची कल्पना सहज येईल. तेथील गरोदर स्त्रियांस एक घातक पांडुरोग जडत असे. रोगी स्त्री फिकी पडे, तिला धाप लागे, आणि कित्येक जणी प्राणास मुकत. सूक्ष्मदर्शकांतून पाहिलें असतां त्यांच्या तांबड्या रक्तपेशी संख्येनें थोड्या पण आकारानें नेहमींपेक्षां मोठ्या दिसत. लोहाच्या उणिवेनें होणाऱ्या पांडुरोगांत पेशी उलट लहान होतात. अर्थात् हा रोग निराळा होता व केवळ लोह देऊन तो हटण्यासारखा नव्हता.

विल्सबाई प्रयोगशाळेंतच बसून राहिल्या नाहींत. तळपदे या आडनावाच्या एका सहकाऱ्यासमवेत त्यांनीं मुंबईच्या निरनिराळ्या थरांतील स्त्रियांचें राहणीमान व आहार यांची पाहणी केली. ज्या अत्यंत गरीब, त्यांच्याच पानांत सत्त्व सर्वांत कमी, आणि रोगाचा घालाही त्यांच्यावरच अधिक, असें दिसून आलें. मग त्याच धर्तीचें निकृष्ट अन्न उंदरांस घालून त्यांनीं प्रयोग आरंभिले. परंतु उंदरांच्या अंगावरील उवांनीं पसरविलेल्या दुसऱ्याच रोगानें त्या निष्कर्षांत घोटाळा केला, हें पुढें कळून आलें. बाई खचल्या नाहींत. पुढें त्यांनीं माकडांवर प्रयोग केले. अनेक पदार्थ देऊन पाहिल्यावर एका स्वस्त पदार्थानें गुण आला. तो पदार्थ म्हणजे 'मार्माइट', बिअर तयार होतांना उरलेल्या यीस्टचा अर्क. मुंबईच्या रोगी स्त्रियांसही तो देतांच त्यांचें रक्त भराभर सुधारूं लागलें. हा वृत्तांत त्यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केला.

त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य कोणतें, हें त्या वेळीं कोणासच ठाऊक नव्हतें. शास्त्रज्ञ त्यास 'विल्स घटक' म्हणूं लागले. १९४१ सालीं अमेरिकेंत पालकाच्या भाजींतून तें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें, आणि लॅटिन भाषेंतील 'पान' या अर्थाच्या शब्दावरून त्यास 'फॉलिक ॲसिड' हें नांव पडलें. १९४५ सालीं तें कृत्रिम रीतीनें बनविण्यांत यश आलें, त्या संशोधनाचे धुरीण आंध्रांत जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव हे होते. नव्या पेशी घडण्यास हें जीवनसत्त्व अवश्य लागतें. तें अपुरें पडल्यास रक्तपेशींची वांटणी नीट होत नाहीं, आणि म्हणूनच त्या थोड्या व फुगलेल्या राहतात.

महायुद्धानंतर सेवानिवृत्त झाल्यावरही विल्सबाईंनीं जमैका, फिजी व दक्षिण आफ्रिका येथें आहाराविषयींचें काम चालू ठेविलें. १६ एप्रिल १९६४ रोजीं त्या निवर्तल्या. त्यांच्या शोधाचें आणखी एक फळ त्यांच्या पश्चात् दिसावयाचें होतें. गर्भधारणेच्या आधींपासून फॉलिक ॲसिड घेतल्यास बालकाच्या मज्जारज्जूंतील जन्मजात व्यंगें पुष्कळ अंशीं टळतात, हें १९९१ सालीं सिद्ध झालें.

हें चरित्र वाचून आमच्या वाचकांनीं आपल्याच स्वयंपाकघराकडे पाहावें. मेथी, पालक, उडीद, हरभरा, भुईमूग यांत हें जीवनसत्त्व असतें, आणि उडीद घालून केलेली कळण्याची भाकरी तर खानदेशास नवी नाहीं. मात्र तें पाण्यांत विरघळतें व फार उष्णतेनें नाश पावतें. यास्तव भाजी बेताचीच शिजवावी आणि तिचें पाणी फेकून देऊं नये.

पण याहून मोठी गोष्ट निराळीच आहे. पुष्कळ घरीं सर्वांचीं जेवणें आटोपल्यावर उरेल तें खाऊन आई उठते, व भाजीचें भांडें तिच्यापर्यंत पोहोंचतां पोहोंचतां रितें झालेलें असतें. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय पाहणींत आपल्या देशांतील १५ ते ४९ वर्षें वयाच्या स्त्रियांपैकीं ५७ टक्के स्त्रिया पांडुरोगी आढळल्या. यांत लोहाची उणीव हें मोठें कारण आहे, म्हणून गरोदर स्त्रियांस सरकारी दवाखान्यांतून लोह व फॉलिक ॲसिड यांच्या गोळ्या मोफत मिळतात. त्या अवश्य घ्याव्यात. परंतु आईचें पान सर्वांबरोबर मांडणें हें कोणत्याही दवाखान्याचें काम नव्हे. तें घरांतील मुलांमुलींनीं व वडीलधाऱ्यांनींच करावयाचें आहे, आणि तें आज रात्रीपासून करतां येईल.