छायाचित्राची नजर

छायाचित्रण ही कला की यंत्राने केलेली नक्कल, हा वाद जुनाच. लुइस हाइन यांना मात्र त्यात पडण्यास सवड नव्हती. १८७४ साली अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात जन्मलेले हाइन समाजशास्त्राचे अभ्यासक आणि पेशाने शिक्षक. कॅमेरा हाती आला तो न्यूयॉर्कच्या शाळेत, अध्यापनाचे साधन म्हणून. १९०८ मध्ये राष्ट्रीय बालकामगार समितीच्या कामासाठी त्यांनी ती नोकरी सोडली. (पगारदार शिक्षकाला हे धाडस केवढे, हे वाचकांस सांगावयास नको.)

कापडगिरण्यांत, खाणींत ते कधी तपासनीस, तर कधी बायबलविक्रेते बनून शिरत. मुलांची उंची आपल्या कोटाच्या गुंड्यांवरून मोजत आणि खिशातल्या खिशात टिपणे करीत. सूतकताईच्या यंत्रांची न संपणारी रांग, आणि तिच्यापुढे उभी एक चिमुरडी! आकडेवारी शिकविण्यात प्रस्तुत लेखकाची उमर गेली; परंतु तक्त्यातला बालमजूर आपल्याकडे पाहत नाही, हाइन यांचा पाहतो. ती नजर टिपण्याचा क्षण यंत्राने निवडलेला नाही.

बालमजुरीवर बंधन घालणारा संघराज्याचा कायदा १९३८ साली झाला. त्याचे सारे श्रेय छायाचित्रांना देता येणार नाही. मंदीतील बेकारीचाही त्यात वाटा होता. १९४० मध्ये हाइन दारिद्र्यात वारले. राहते घरही हातचे गेले होते. त्यांनी काढलेली बालकामगारांची हजारो चित्रे आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जतन केलेली आहेत.