डोळस भक्तीचा राजा

आटपाडी महाल ज्या औंध संस्थानात होता, त्याचे अधिपती कै. श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) हे यमाईदेवीचे निस्सीम भक्त. ते स्वतः कीर्तन करीत. परंतु त्यांची भक्ती डोळस होती. सूर्यनमस्कार ही उपासना त्यांनी व्यायाम म्हणून शाळाशाळांतून रुजविली. लोखंडी नांगराने जमिनीत विष भिनते, असे शेतकरी समजत. अशा काळात, १९१० साली त्यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा दिली. १९३९ साली राज्यकारभार रयतेच्या हाती सोपविला. त्याच साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची बिनभिंतींची वसाहत वसविली; चुकलेला माणूसही सुधारतो, ही श्रद्धा त्यामागे होती. देवापुढे हात जोडावेत आणि कामात बुद्धी चालवावी, हीच मंदिर जीर्णोद्धाराच्या या शुभप्रसंगी त्यांच्या पुण्यस्मृतीस खरी आदरांजली होय.