सिनेमाच्या आधी दादासाहेब फाळके काय करायचे? उत्तर आहे, ॲसिडमधले ठसे

दादासाहेब फाळके म्हटलं की 'राजा हरिश्चंद्र' आणि ३ मे १९१३ ही तारीख आठवते. पण तेव्हा ते ४३ वर्षांचे होते. त्याआधी त्यांनी हात बसवला होता तो ब्लॉक बनवण्याच्या, म्हणजे छपाईच्या ठशांच्या कामात.

जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. आधी मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मग बडोद्याचं कलाभवन. तिथे ते फोटोग्राफी आणि हाफटोन ब्लॉक शिकले.

आता हा ब्लॉक बनायचा कसा? धातूच्या पत्र्यावर सरसासारखा थर द्यायचा, वर निगेटिव्ह ठेवून उजेड दाखवायचा. उजेड लागलेला थर कडक व्हायचा, बाकीचा पाण्याने धुऊन जायचा. मग जस्ताचा पत्रा पातळ नायट्रिक ॲसिडमध्ये, तांब्याचा फेरिक क्लोराईडमध्ये. उघडा धातू खाल्ला जायचा, झाकलेला वर राहायचा आणि त्यालाच शाई लागायची. एरवी आपण धातूची जी झीज टाळतो, ती इथे मुद्दाम घडवायची.

गोची अशी की ॲसिड खाली खातं तसं बाजूनेही खातं. रेघेखालचा धातू पोखरला की रेघच गेली! म्हणून जस्ताच्या रेषाचित्रांचा पत्रा मधेच बाहेर काढायचे, कडांना हिरादखण या लाल राळेची पूड लावून तापवायचे आणि पुन्हा ॲसिडमध्ये सोडायचे. असं तीन-चारदा. १९५० च्या दशकात ही पूड सुटली, कारण ॲसिडमध्येच कडांना चिकटून झीज मंदावणारं द्रव्य मिसळायला लागले. यालाच क्षरणरोधक, म्हणजे इन्हिबिटर म्हणतात. ऑफसेट येईपर्यंत मुंबई असो की यवतमाळ, वर्तमानपत्रातला फोटो अशाच ठशावरून छापला जायचा.

फाळक्यांनी १९०६ मध्ये पुरातत्त्व खात्याची सरकारी नोकरी सोडली, लोणावळ्यात छापखाना काढला, रंगीत छपाईसाठी १९०९ मध्ये जर्मनी गाठली. पुढे भागीदारांशी बिनसलं. स्वतः उभा केलेला छापखाना सोडून ते चाळिशीत रिकाम्या हाताने बाहेर पडले. त्यात डोळेही दुखावले.

मग विमा पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये लंडन, तिथून कॅमेरा. प्रकाश आणि रसायनांचा खेळ मात्र त्यांच्या ओळखीचा होता. दादरच्या घरातच फिल्म धुतली जायची, आणि तिला छिद्रं पाडायचं काम अंधारात सरस्वतीबाई करायच्या.