ईश्वरचंद्र विद्यासागर : एक अपघात आणि पंचवीस वर्षे

थोर शिक्षणतज्ज्ञ व समाजसुधारक ईश्वरचंद्र विद्यासागर यांचा जन्म २६ सप्टेंबर १८२० रोजी बंगालमधील वीरसिंह या खेड्यात झाला. घरची अत्यंत गरिबी होती. लहानपणीच शिक्षणासाठी ते वडिलांबरोबर पायी कोलकात्यास गेले. वाटेवरील मैलाचे दगड पाहत त्यांनी इंग्रजी अंक शिकून घेतले, असे चरित्रकार सांगतात.

कोलकात्याच्या संस्कृत महाविद्यालयात त्यांनी अनेक शास्त्रांचे अध्ययन करून ‘विद्यासागर’ ही पदवी मिळविली. १८५१ साली ते तेथेच प्राचार्य झाले. १८५५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘वर्णपरिचय’ या पुस्तकावरून बंगालच्या अनेक पिढ्यांनी अक्षरे गिरविली. त्यांच्या अविश्रांत प्रयत्नांमुळे १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा संमत झाला. या विषयावरील त्यांच्या ग्रंथाचे विष्णुशास्त्री पंडित यांनी मराठीत भाषांतर केले. मुलींसाठी तर त्यांनी अवघ्या काही महिन्यांत खेडोपाडी पस्तीस शाळा उघडल्या.

डिसेंबर १८६६ मध्ये, इंग्लंडहून आलेल्या मेरी कार्पेंटर या समाजसेविकेबरोबर ते कोलकात्याजवळील उत्तरपाडा येथील मुलींची शाळा पाहण्यास गेले. परतताना एका वळणावर त्यांची घोडागाडी उलटली. ते जमिनीवर आदळून बेशुद्ध झाले. मेरी कार्पेंटर यांनी धावत येऊन त्यांची शुश्रूषा केली. प्राण वाचले, परंतु यकृताला जबर मार बसला होता. तेव्हा त्यांचे वय सेहेचाळीस वर्षांचे होते. गेलेले आरोग्य पुन्हा कधीच पूर्ववत झाले नाही.

तरीही त्यांनी कार्य सोडले नाही. कोलकात्यातील मेट्रोपॉलिटन इन्स्टिट्यूशन या आपल्या संस्थेत त्यांनी महाविद्यालयीन शिक्षण सुरू केले. प्रकृतीसाठी ते कर्माटाड येथे जाऊन राहत. तेथेही संथाळ आदिवासींना औषधे देण्यात त्यांचा वेळ जाई. २९ जुलै १८९१ रोजी कोलकात्यात त्यांचे निधन झाले. अपघातानंतरची जवळजवळ पंचवीस वर्षे त्यांनी दुखण्याशी झुंजत काढली. निरोगी शरीराने त्यांनी आणखी किती शाळा उभ्या केल्या असत्या!

आज घोडागाड्यांच्या जागी वेगवान वाहने आली आहेत. भारतात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवरील अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मरण पावली, तर ४ लाख ४३ हजारांहून अधिक जखमी झाली. जखमी माणूस घरी परततो. पण पुष्कळदा त्याची कमावण्याची शक्ती हरपते आणि सारे कुटुंब त्या दुखापतीचा भार वाहते. वळणावर वेग कमी करणे, हेल्मेट घालणे, सीटबेल्ट लावणे आणि मद्यपान करून वाहन न चालविणे, एवढ्या साध्या सवयींनी यांतील अनेक दुखापती टळू शकतात. अपघात झालाच, तर जवळच्या माणसाने मेरी कार्पेंटर यांच्याप्रमाणे तत्काळ धावून जावे. अशी मदत करणाऱ्यास २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्याने संरक्षण दिले आहे.