जॉन पोस्टेल : इंटरनेटच्या नंबरांची वही सांभाळणारा माणूस

तुम्ही ब्राउझरमध्ये रेल्वेचं तिकीट शोधता तेव्हा दोन प्रोग्रॅम एकमेकांशी बोलत असतात. एक तुमच्या फोनमधला ब्राउझर, म्हणजे क्लायंट. दुसरा लांबच्या सर्व्हरवर चालणारं ॲप्लिकेशन. पण एकाच सर्व्हरवर वेब, ईमेल अशी बरीच कामं चालू शकतात. मग ब्राउझरने नेमकं कुठलं दार ठोठवायचं? म्हणून प्रत्येक सेवेला ठरलेला नंबर असतो. त्यालाच पोर्ट म्हणतात. साध्या वेबसाठी ८०, सुरक्षित वेबसाठी ४४३, ईमेल पाठवायला २५.

हे नंबर वर्षानुवर्षं नोंदवून ठेवले जॉन पोस्टेल यांनी.

त्यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात झाला. १९६९ मध्ये इंटरनेटचा पूर्वज असलेलं अर्पानेट सुरू झालं, तेव्हा ते यूसीएलए विद्यापीठात विद्यार्थी होते. दोन कामांना चुकून एकच नंबर दिला तर सगळा गोंधळ. त्यामुळे कुणीतरी नोंद ठेवणं गरजेचं होतं. हे कंटाळवाणं काम पोस्टेल यांनी अंगावर घेतलं आणि शेवटपर्यंत सोडलं नाही.

क्लायंट आणि सर्व्हर यांच्यात जोडणी कशी होते हे सांगणारा टीसीपीचा १९८१ चा मूळ दस्तऐवज त्यांनीच संपादित केला. त्यातला त्यांचा नियम साधा होता: आपण पाठवताना काटेकोर राहायचं, समोरच्याचं स्वीकारताना थोडं सांभाळून घ्यायचं. १९९२ च्या त्यांच्या यादीत ८० नंबरासमोर वेबचं नाव दिसतं.

पण पोर्टच्या आधी सर्व्हरचा पत्ता सापडायला हवा. वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधण्याची सुरुवात रूट सर्व्हरपासून होते. जानेवारी १९९८ मध्ये पोस्टेल यांनी आठ रूट सर्व्हर चालवणाऱ्यांना ईमेल केला, की यापुढे मूळ माहिती माझ्याकडच्या मशीनवरून घ्या. त्यांनी विश्वासाने ऐकलंही! अमेरिकन सरकार हादरलं. पोस्टेल यांनी ही चाचणी होती असं सांगितलं आणि सगळं पूर्ववत केलं. पण प्रश्न उघडा पडला: इंटरनेटची वही नेमकी कोणाची?

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये या कामासाठी आयकॅन ही संस्था स्थापन झाली. काही आठवड्यांतच, १६ ऑक्टोबरला, हृदयविकाराने पोस्टेल गेले. वय फक्त ५५.

आज तुम्ही ४४३ टाइप करत नाही, ब्राउझरला तो माहीत असतो. कारण नंबर एकदा ठरले आणि सगळ्यांनी ते मानले.